शिकारी श्वानांच्या क्लबचा वार्षिक पुरस्कार: नव्या सभासदानं तयारी कशी करावी

सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात कारवान ही देशी शिकारी कुत्र्याची जात पाळणाऱ्याला आपला कुत्रा कसा पळतो हे कुणाला सांगावं लागत नाही, सगळ्या गावाला ते माहीत असतं. पंचाईत होते ती हेच कागदावर दाखवायची वेळ आली की. आमच्या क्लबच्या वार्षिक पुरस्काराच्या अर्जांची छाननी माझ्याकडे असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक फोन ठरलेला असतो: “सर, आपला तुफान तीन ठिकाणी पहिला आलाय, पुरस्काराला नाव टाका की.” मग मी विचारतो, तीन ठिकाणं कोणती? रिंगमध्ये, म्हणजे शोमध्ये न्यायाधीश कुत्री तपासतात त्या जागेत, किती कुत्री होती? निकालावर सही कुणाची? आणि तुफान कागदोपत्री कुणाच्या नावावर आहे? पलीकडं शांतता.

तुफान चांगलाच असणार, त्याबद्दल शंका नाही. पण हा पुरस्कार अख्ख्या वर्षाच्या कामगिरीला मिळतो, आणि ते वर्ष नोंदीत दिसावं लागतं. म्हणून यंदाच क्लबात आलेल्यांसाठी सगळे टप्पे सविस्तर लिहितोय. नियमावली सगळ्यांना दिलेली असतेच. ती वाचताना जिथं अडखळायला होतं, त्या जागा इथं जास्त सापडतील.

आपलं वर्ष जुलैत सुरू होतं

पुरस्काराचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं धरतात. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. आपल्याकडचे डॉग शो दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि उन्हं तापायला लागली की संपतात. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरलं तर एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात. नोव्हेंबरचे गुण एका वर्षात, फेब्रुवारीचे दुसऱ्या. पावसाळ्यात ना शो असतो ना धाव (माळावर पळण्याची परीक्षा), त्यामुळं हिशेब मिटवायला तोच काळ बरा.

गुण मोजले जातात ते तुम्ही सभासद झाल्याच्या तारखेपासून. डिसेंबरात वर्गणी भरून नोव्हेंबरच्या शोचे गुण मागता येत नाहीत. कुत्रा घरी आला की आधी सभासद व्हा, बाकीचं मागून.

पहिली पायरी: कुत्रा कुणाच्या नावावर आहे ते बघा

सर्वांत जास्त अर्ज इथंच अडतात. व्यवहार कसा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. जतकडून किंवा सीमेपलीकडं मुधोळकडून पिल्लू आणलं, पैसे दिले, ब्रीडरनं (पैदास करणाऱ्यानं) “कागद पाठवतो” म्हणून सांगितलं. वर्षभरानं कागद आलेही, पण नोंदणी प्रमाणपत्रावर मालक म्हणून ब्रीडरचंच नाव. पिल्लाची नोंदणी आणि मालकी हस्तांतर ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. हस्तांतराच्या अर्जावर जुन्या मालकाची सही लागते, आणि विक्री होऊन दोन वर्षं उलटली की ती सही मिळवणं किती अवघड जातं हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा.

तेव्हा पिल्लू उचलतानाच, पैसे हातात द्यायच्या आधी, तीन गोष्टी करा. आई-बापाच्या नोंदणी प्रमाणपत्रांचे फोटो घ्या. हस्तांतराच्या फॉर्मवर ब्रीडरची सही तिथल्या तिथं घ्या. आणि पिल्लाचं वय विचारा. २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू गळ्यात घालणारा ब्रीडर कागदांच्या बाबतीत काटेकोर असेल अशी आशा धरू नका.

आता जातीचं. आमचा क्लब शुद्ध जातीच्या शिकारी श्वानांचा आहे, त्यामुळं नोंदणीकृत कुत्र्यालाच गुण मिळतात. आपल्या भागात ही बाब थोडी नाजूक आहे. शर्यतीत वेग मिळावा म्हणून कारवानमध्ये ग्रेहाउंड या विलायती वेगवान कुत्र्याचं रक्त घालणं जुनंच आहे, आणि सरळ पट्ट्यावर ही मिक्स कुत्री भारी पडतात हेही खरं. त्यांना कुणी कमी लेखत नाही. पण पुरस्कारामागचा हेतू जात टिकवण्याचा आहे, आणि मिक्स कुत्र्याला गुण दिले तर पुढच्या वर्षी सगळेच ग्रेहाउंड शोधत फिरतील. या मुद्द्यावर सभेत दर वर्षी वाद होतो. माझं मत नियमाच्या बाजूनं आहे.

ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या धनगरवाड्यावरची चांगली कुत्री आहेत पण कागद एकही नाही, त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. देशी जातींच्या बाबतीत न्यायाधीशांनी कुत्रा तपासून नोंदणीत घेण्याची वाट केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेनं ठेवलेली आहे. तिला वेळ लागतो. पण एकदा नोंद झाली की पुढच्या पिढीचे कागद तिथून उभे राहतात.

एक बारीक गोष्ट. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर आपला कुत्रा कारवान हाउंड असतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. लांब केसांच्या कुत्र्याला आपण पशमी म्हणतो, पण अर्जात तसं लिहू नका. प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच, अक्षर न अक्षर उतरवा. कुत्र्याच्या नावाचंही तेच. घरी तो तुफान असेल, पण नोंदणीत त्याचं नाव ब्रीडरच्या केनेलच्या नावासह भलतंच लांबलचक असतं. आमच्या यादीत एका वर्षी चार राजा होते. कोणता राजा कुणाचा हे नोंदणीच्या नावावरूनच लावावं लागलं.

दुसरी पायरी: चिप आणि लशीचं कार्ड

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात. तिचा क्रमांक १५ अंकी असतो. हा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर, लशीच्या कार्डावर आणि आपल्या अर्जावर तंतोतंत एकच लागतो. हातानं उतरवताना ३ चा ८ होतो, ० एखादा गळतो. चिपसोबत बारकोडची चिकटपट्टी येते, त्यातली एक लशीच्या कार्डावर चिकटवून घ्या. बाकीच्या जपून ठेवा, अर्जावर लावायला उपयोगी पडतात.

धावेच्या दिवशी आम्ही रीडर फिरवून चिप तपासतो. कधी कधी चिप खांद्यावरून सरकून खाली दंडाकडं गेलेली असते. म्हणून वर्षातून एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडं रीडर असेल तेव्हा फिरवून बघा. चिप सापडतच नसेल तर मैदानावर कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेलं बरं.

रेबीजची लस चालू मुदतीतली हवी. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का, तिन्ही असू द्या. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांची लस क्लब सक्तीची करत नाही. माझ्या मते करायला हवी. पंधरा-वीस गावांची कुत्री एका माळावर जमवायची आणि पार्व्होचा विचार करायचा नाही, हे मला पटत नाही.

तिसरी पायरी: शोमध्ये उतरणं

प्रवेश अर्ज शोच्या बऱ्याच आधी बंद होतात, त्यामुळं पुण्या-कोल्हापूरकडच्या शोच्या तारखा दिवाळीआधीच भिंतीवर लिहून ठेवा. प्रवेश भरताना कुत्र्याचं वय शोच्या दिवशी किती असेल ते मोजून वर्ग निवडा. पिल्लांचे, ज्युनियरचे, ओपन असे वयानुसार वर्ग असतात. चुकीच्या वर्गात उतरलेल्या कुत्र्याचा निकाल नंतर रद्द होऊ शकतो, मग आमच्याकडचे गुणही जातात.

रिंगमधलं काम घरी शिकवता येतं. न्यायाधीश दात बघतात, अंगावरून हात फिरवतात, नराचे वृषण तपासतात, मग कुत्र्याला सरळ जा-ये आणि गोल फेरी चालवायला लावतात. कारवानला परक्या माणसाचा हात आवडत नाही, जातीचा स्वभावच तसा आहे. पण रिंगमध्ये अंग चोरणाऱ्या कुत्र्याची ठेवण दिसत नाही आणि न्यायाधीशावर गुरगुरणारा कुत्रा बाहेरच जातो. उपाय एकच: सहा महिन्यांचा असल्यापासून शेजाऱ्याला, पाहुण्याला, दुकानदाराला त्याच्या तोंडात बोट घालून दात बघू द्या. आठवड्याच्या बाजारात पट्ट्यावर घेऊन फिरा. माळावर मोकळं सोडून वाढवलेला देखणा कुत्रा रिंगमध्ये शेपूट पोटाखाली घालून उभा राहतो, हे दृश्य दर हंगामात दिसतं.

शोमध्ये नरांतून एक आणि माद्यांतून एक असे चॅलेंज सर्टिफिकेटचे (त्या जातीतल्या सर्वोत्तम नर-मादीला मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे) मानकरी निवडतात, पुढं त्यांतून ‘बेस्ट ऑफ ब्रीड’, म्हणजे जातीतला सर्वोत्तम, ठरतो. तो मग गटाच्या रिंगमध्ये इतर जातींच्या हाउंडबरोबर उभा राहतो. आमचे गुण या तीन पायऱ्यांवर बेतलेले आहेत.

गुण कसे मोजतात

इथं जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच परिच्छेदावरून होतात.

तत्त्व असं, की जितक्या कुत्र्यांना मागं टाकलं तितके गुण. पण कॅटलॉगात छापलेली कुत्री धरत नाहीत, प्रत्यक्ष रिंगमध्ये आलेलीच धरतात. समजा एका शोसाठी १२ कारवानांचे प्रवेश होते. तीन आलेच नाहीत, रिंगमध्ये उतरले नऊ: पाच नर, चार माद्या. तुमची बिजली माद्यांत पहिली आली. तिनं तीन माद्यांना मागं टाकलं, म्हणून तीन गुण. पुढं ती बेस्ट ऑफ ब्रीड झाली, म्हणजे उरलेल्या आठही कुत्र्यांच्या वर गेली. तेव्हा तिचे गुण आठ. तीन अधिक आठ असे अकरा होत नाहीत, कारण त्या तीन माद्या आठांत धरलेल्याच आहेत. एका कुत्र्याला एका दिवशी एकदाच हरवता येतं. ही ओळ नियमावलीत ठळक छापलेली आहे, तरीही अकराचा अर्ज येतोच.

गटात पहिल्या चारांत आली तर वरून ५, ३, २, १ असे जास्तीचे गुण. जातीतला एकटाच कुत्रा रिंगमध्ये असेल तर त्याला एक गुण. न्यायाधीशानं त्याला पात्र ठरवलेलं असलं पाहिजे, एवढीच अट.

वर्षभरातले सर्वांत चांगले सहाच शो धरतात. हा नियम पूर्वी नव्हता. तेव्हा ज्याच्याकडं गाडी आणि डिझेलला पैसा, तो हैदराबाद-बंगळूरपर्यंत पंधरा शो करायचा आणि बेरजेवर पुढं जायचा. आटपाडीचा मेंढपाळ दोन शोच्या वर जाऊच शकत नव्हता. आता सहाची मर्यादा घातल्यावर अंतर कमी झालंय, संपलं मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी एकाच मैदानावर शनिवार-रविवार असे दोन वेगळे शो वेगळ्या न्यायाधीशांपुढं होतात. ते दोन म्हणून धरतात. ज्याला प्रवास परवडत नाही त्यानं असेच जोडशो गाठावेत.

एकाच न्यायाधीशाकडून मिळालेले गुण वर्षात दोनदाच चालतात. आणि न्यायाधीशानं स्वतः पैदास केलेला किंवा विकलेला कुत्रा त्याच्याच रिंगमध्ये जिंकला तर त्या शोचे गुण अजिबात धरत नाहीत. यावर फार बोलायला नको.

चौथी पायरी: धाव

दिसायला कुत्रा कसा आहे हे शोमध्ये कळतं. तो ज्यासाठी घडला ते काम करतो का, हे धावेत कळतं. क्लब हिवाळ्यात तीन धावा भरवतो, माण-खटावच्या आणि जतच्या माळावर. सकाळी उन्हं चढायच्या आत सगळं आटोपतो.

जमिनीवर फिरक्या लावून त्यांतून दोरी फिरवलेली असते आणि दोरीच्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा झुपका. मोटर दोरी ओढते, झुपका वळणं घेत पळतो, ससा कान पाडून अंग टाकतो तसा अचानक दिशा बदलतो. कारवान नजरेनं शिकार करणारा कुत्रा, म्हणजे साइटहाउंड. त्याला वास नको, हालचाल पुरे. पहिल्यांदा आलेल्या मालकांना खात्री नसते, “पिशवीमागं कशाला पळेल तो?” असं म्हणतात. झुपका हलला की त्याच मालकाच्या हातातला पट्टा ताणून दोन्ही हात पुढं येतात.

नुसती घड्याळाची वेळ आम्ही धरत नाही. अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशनची गुणपद्धत उचलली आहे: एकूण १०० गुण, त्यात वेग २५, चपळाई २५, दमसास २०, पाठलागावर नजर ठेवणं १५ आणि उत्साह १५. ती संस्था १९७२ ची. जिवंत सशाविना साइटहाउंडची परीक्षा घ्यायची म्हणून तिनं ही रीत बसवली. आमच्याकडं दोन परीक्षक वेगवेगळे बसून गुण देतात, म्हणजे एकूण २००. त्यांतले १४० मिळाले की ती ‘पात्र धाव’.

वेगाला शंभरातले २५ च का, असं शर्यतीतून आलेले लोक विचारतात. सरळ रेषेत पळणारा कुत्रा वळणावर सहा-सात ढांगा वाया घालवतो. तेवढ्यात माळावरचा ससा निवडुंगाच्या फडात गेलेला असायचा. जुन्या लोकांनी कुत्रा निवडताना वळण बघितलं, म्हणून ही कंबर, हे लवचीक पाठीचं हाड जातीत टिकलं. एखादा कुत्रा कोपरा कापून झुपक्याला आडवा जातो, तेव्हा बघणारे टाळ्या वाजवतात आणि परीक्षक पाठलागाचे गुण कापतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

धावेसाठी काही अटी:

– कुत्रा १२ महिने पूर्ण झालेला हवा. वाढीच्या हाडांवर ताण नको, म्हणून यात सूट नाही.
– हीटवर असलेली मादी मैदानाच्या आवारातही आणायची नाही, गाडीतसुद्धा. सगळ्या नरांचं लक्ष तिकडं जातं.
– धावेआधी डॉक्टर तपासतात. लंगडणारा, ताप असलेला, पंजाची गादी फाटलेला कुत्रा उतरत नाही. गोचीड दिसले तरी परत पाठवतात.
– धावून आल्यावर लगेच बादलीभर पाणी पाजू नका. आधी चालवा, पोट आणि मांड्यांवर पाणी मारा, मग थोडं थोडं पाजा.
– दुसऱ्याच्या कुत्र्यावर धावून जाणाऱ्याला त्या दिवशी बाहेर काढतात. दुसऱ्यांदा झालं तर त्या वर्षापुरतं पुरस्कारातून बाद.

सशाचा व्हिडिओ पाठवू नका

हे वेगळं लिहावं लागतंय कारण दर वर्षी कुणीतरी पाठवतं. कुत्र्याची ताकद दाखवायची म्हणून माळावर ससा धरतानाचा व्हिडिओ. पाठवणाऱ्याला त्यात अभिमान वाटत असतो. आजोबा-पणजोबांनी तेच केलं, जात त्यासाठीच घडली, हे सगळं खरं आहे. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जनावर मारणंच येतं असं नाही. कुत्री मागं सोडून पाठलाग करणं, हाकणं, आमिष लावणं आणि यांतलं काही करण्याचा प्रयत्नही येतो. ससा सुटून गेला तरी गुन्हा झालेलाच असतो, आणि तुम्ही पुरावा स्वतःच्या हातानं चार ग्रुपवर टाकलेला असतो. सागरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या सभासदांनी तर कुत्रं मोकळं सोडताना दोनदा विचार करावा. हरणामागं गेलं की शिट्टी मारून परत येत नाही.

“मग पाळीव ससा सोडला तर?” हाही प्रश्न येतो. तोही चालत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य बनवणं हा गुन्हाच धरला आहे. सरावासाठी जिवंत प्राणी वापरल्याचं सिद्ध झालं तर क्लब त्या सभासदाचे त्या वर्षाचे सगळे गुण काढून घेतो, त्याच्या सर्व कुत्र्यांचे.

घरी सराव हवा असेल तर मोटरसायकलच्या जुन्या चाकाचा रिम, नायलॉनची दोरी आणि पिशव्या पुरतात. आमच्याकडं बऱ्याच पोरांनी जुगाड करून फिरकी बनवली आहे, विचारा, दाखवतील. सराव आठवड्यातून दोनदाच करा. रोज पिशवी दाखवली की कुत्रा कंटाळतो किंवा फसवायला शिकतो, आणि फसवणारा कुत्रा परीक्षकाच्या पहिल्या नजरेत ओळखू येतो.

यात्रेतल्या शर्यतींचं काय?

गावच्या यात्रेत कुत्र्यांच्या शर्यती होतात, बक्षिसंही मोठी असतात. तिथले निकाल आम्ही धरत नाही. एक तर तिथं जातीची अट नसते. दुसरं कारण परवानगीचं. बैलगाडा शर्यतीला सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये मान्यता दिली तेव्हापासून “आता कुत्र्यांचंही मोकळं झालं” असं सर्रास ऐकू येतं. तो निकाल महाराष्ट्रापुरता ज्या दुरुस्तीवर होता ती बैलगाड्यांबद्दलची होती. कुत्र्यांच्या शर्यतीला तिचा आधार नाही. यात्रेत कुणी काय करावं हे सांगायला क्लब बसलेला नाही. ढाल तिथं जिंकलेली असली तर घरात लावा, अर्जाला जोडू नका.

कोणकोणते पुरस्कार आहेत

वर्षाचा नर आणि वर्षाची मादी: शोच्या गुणांवर. वर्षाची धाव: तीनही धावांतल्या एकूण गुणांवर. ज्येष्ठ श्वान: सात वर्षांपुढचा, निदान एक धाव पूर्ण करणारा. इथं नसबंदी केलेलेही चालतात. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी हँडलरचा पुरस्कार आहे. त्यात कुत्रा कुणाचाही असो, पट्टा पोराच्या हातात हवा.

पैदाशीचा पुरस्कार मादीच्या मालकाला मिळतो, तिच्या किमान तीन पिल्लांनी त्या वर्षी गुण मिळवले असतील तर. मादी १८ महिन्यांच्या आत व्यायलेली असेल तर अर्ज बाद. २०१७ च्या नियमांतही पैदाशीच्या मादीचं वय किमान १८ महिने लागतं.

आणि मग दुहेरी पुरस्कार. शोचे किमान १५ गुण आणि दोन पात्र धावा, दोन्ही एकाच वर्षात. माझ्या लेखी क्लबचा खरा पुरस्कार हाच. शोसाठी सांभाळलेल्या कुत्र्याला मालक माळावर सोडायला घाबरतो, अंगावर ओरखडा उठेल म्हणून. धावणाऱ्या कुत्र्याचा मालक रिंगमध्ये जायला लाजतो. दोन्ही करणारी माणसं थोडी असतात, आणि एखाद्या वर्षी हा पुरस्कार कुणालाच मिळत नाही. तसं झालं तर तो राखून ठेवतात, अटी सैल करत नाहीत. पहिल्याच वर्षी यामागं लागू नका, पण कुत्रा वर्षाचा झाला की दोन्हीकडं उतरवायला सुरुवात करा.

अर्ज

शो संपला की त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत, निकालपत्रकाचा फोटो घ्या. त्यात तुमच्या जातीचा पूर्ण निकाल दिसला पाहिजे: किती आले, किती गैरहजर, कोण कितवा आणि न्यायाधीशाची सही. आपल्या कुत्र्याच्या रिबनचा फोटो घेऊन लोक घरी जातात. रिबनवरून किती कुत्री हरवली ते कळत नाही. फोटो ३० दिवसांत नोंदीसाठी पाठवायचा, वर्षअखेरीस एकदम गठ्ठा नको. महिन्याच्या महिन्याला पाठवणाऱ्याची चूक लगेच कळते आणि दुरुस्तही होते.

३१ जुलैपर्यंत पोचायला हवं ते असं: भरलेला अर्ज, तुमच्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र, लशीच्या कार्डाची प्रत, गुणांचा तुम्ही केलेला तक्ता. तक्ता आम्हीही करतो, तरी तुमचा हवा. दोन्ही जुळले नाहीत तर आम्ही फोन करतो. फोन लागला नाही तर आमचा आकडा धरतो.

वर्षाच्या मध्ये कुत्रा विकला तर गुण कुत्र्याबरोबर जातात. नवा मालक सभासद असेल तर पुरस्कार त्याचा, नसेल तर कुणाचाच नाही. विकताना हे बोलून घ्या, मागून दोघंही माझ्याकडं येतात. कुत्रा वर्षाच्या मध्येच गेला तरी त्याचे गुण राहतात आणि अर्ज करता येतो.

यादी, हरकत आणि ढाल

१५ ऑगस्टला कच्ची यादी लागते. तिथून १५ दिवस हरकतीसाठी. हरकत लेखी, पुराव्यासह आणि स्वतःच्या सहीनं द्यायची. “सगळ्यांना माहीत आहे तो कुत्रा मिक्स आहे” ही हरकत होत नाही. चिप जुळत नाही, निकालपत्रकावरचा आकडा वेगळा आहे, कुत्रा त्या दिवशी दुसऱ्याच गावात होता, या हरकती होतात. ज्याच्या कुत्र्यावर हरकत आहे तो समितीत असेल तर त्या बैठकीत बसत नाही.

गुण समान झाले तर आधी बघतात कुणी कमी शोमध्ये तेवढे गुण मिळवले. तेही समान असेल तर ज्याच्या नावावर पात्र धाव आहे तो पुढं. तरीही फरक पडला नाही तर दोघांना विभागून.

समारंभ दसऱ्यानंतरच्या रविवारी असतो. कुत्रा घेऊन यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे सावलीची जागा राखता येते. आणि बँड वाजायच्या वेळी त्याला लांब ठेवा. प्रमाणपत्र आणि पट्टा तुमचा. फिरती ढाल मात्र पुढच्या दसऱ्याच्या आधी आठ दिवस क्लबकडं जमा करायची, नाव कोरून. कोरणावळ विजेत्याकडं. नाव नोंदणीतलं कोरायचं, घरचं हवं असेल तर त्याच्यापुढं कंसात.